आधी निर्णय द्या, मग दाखला मागा

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व अकृषी विद्यापीठांचे मा. कुलगुरू
आणि उच्च व तंत्र शिक्षण विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : पदवीच्या मधल्या वर्षी विद्यापीठ बदलणाऱ्या बीबीए-बीएमएसच्या (व्यवस्थापन पदवीच्या) विद्यार्थ्यांचे श्रेयांक (क्रेडिट) आणि समकक्षतेचा (आधीचं शिक्षण नव्या विद्यापीठात धरायचं का याचा) निर्णय

महोदय / महोदया,

"आपला द्वितीय वर्ष बी.बी.ए. प्रवेशाचा अर्ज समकक्षतेअभावी विचारात घेता येत नाही." एवढं एक वाक्य, जावक क्रमांक आणि सही. राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठाने मला दिलेलं हे उत्तर आहे. कोणता विषय समकक्ष नाही, तो कोणी तपासला, कशाशी ताडून पाहिला, आता मी पुढे काय करायचं, यातलं काहीही त्यात नाही. हे पत्र हातात पडलं तेव्हा माझा आधीच्या कॉलेजातला प्रवेश रद्द झालेला होता. तो रद्द करून कॉलेज सोडल्याचा दाखला आणल्याशिवाय नव्या ठिकाणी अर्जच घेत नव्हते. त्यामुळे आज मी कुठल्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी नाही. पहिल्या वर्षाच्या दोन्ही सत्रांत सगळे विषय सुटलेले आहेत, एकही एटीकेटी नाही, आणि तरीही वर्ष वाया गेलं आहे.

दोन्ही विद्यापीठांची नावं मी घेत नाही. हा एका खिडकीचा किंवा एका कारकुनाचा प्रश्न असता तर मी तिथल्या कुलसचिवांना अर्ज दिला असता आणि गप्प बसले असते. पण चौकशी करताना माझ्यासारखी इतर मुलं भेटत गेली, वेगवेगळ्या विद्यापीठांतली, आणि सगळ्यांची हकीकत एकाच जागी येऊन थांबते. म्हणून हे पत्र सर्वांना उद्देशून आणि सर्वांसमोर लिहिते आहे.

माझी परिस्थिती थोडक्यात सांगते. आमचं तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, औषधं. २०२४ मध्ये बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम पहिल्यांदाच एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) कक्षेत आले आणि त्यांच्या प्रवेशाला राज्याची सीईटी लागली. ती देऊन मी एका मोठ्या शहरातल्या कॉलेजात बीबीएला गेले. कॉट बेसिसवर राहायचे. पहिलं वर्ष संपलं त्या उन्हाळ्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळायला लागलं. धाकटा भाऊ दहावीत. खरिपाच्या तोंडावर दुकान बंद ठेवलं असतं तर कंपन्यांची देणी अंगावर आली असती आणि शेतकऱ्यांकडची उधारी बुडाली असती. मी घरी आले. आमच्याच तालुक्यातल्या कॉलेजात बीबीए आहे, दुसऱ्या वर्षाच्या जागाही रिकाम्या होत्या, प्राचार्यांनी "ये, आपण घेऊ" असं सांगितलं. फक्त ते कॉलेज दुसऱ्या विद्यापीठाला संलग्न आहे. तेवढ्यावर सगळं अडलं.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार या क्रमाबद्दल आहे. विद्यापीठ बदलायचं तर जुन्या कॉलेजचा दाखला लागतो, जुन्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, आणि ते घेऊन गेल्यावर नवं विद्यापीठ पात्रता तपासतं. दाखला निघाला की जुन्या ठिकाणचं नाव कमी झालं. म्हणजे विद्यार्थ्याने आधी हातातलं सोडायचं आणि मग पलीकडचं मिळेल का याची वाट बघायची. आधी घर रिकामं करा, मग खोली आहे की नाही ते सांगतो, असं कोणी घरमालक म्हणाला तर आपण त्याच्या दारात उभे राहणार नाही. इथे मात्र दुसरं दारच नाही. काही कॉलेजं दयाबुद्धीने तात्पुरता प्रवेश देतात, पण तेव्हा पालकाकडून हमीपत्र लिहून घेतात की विद्यापीठाने पात्रता नाकारल्यास होणाऱ्या नुकसानीस मी स्वतः जबाबदार राहीन. मुलगा वर्गात बसतो, फी भरतो, सत्राची परीक्षा तोंडावर येते आणि तेव्हा पात्रता विभागाकडून नकार येतो. निर्णय विद्यापीठाचा, उशीर विद्यापीठाचा आणि जबाबदारी मात्र एकोणीस वर्षांच्या मुलाची आणि त्याच्या आईबापाची.

हा निर्णय आधी देता येत नाही असं एकही कारण मला सापडलेलं नाही. समकक्षता ठरवायला माझी मार्कशीट लागते, अभ्यासक्रम लागतो आणि क्रेडिटची नोंद लागते. या तिन्ही गोष्टी दाखल्याआधीच माझ्याजवळ होत्या. दाखल्यावर माझं नाव, जन्मतारीख आणि सोडल्याचं कारण असतं. त्यावरून वित्तीय लेखांकनाचा अभ्यासक्रम जुळतो की नाही हे कसं कळणार?

दुसरी तक्रार कारण न देण्याची. नकाराचं पत्र आल्यावर मी दोन्ही विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरून प्रथम वर्षाचे अभ्यासक्रम उतरवून घेतले, झेरॉक्स काढल्या आणि रात्री दुकानाचं शटर ओढल्यावर काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून घटक घटक ताडला. वित्तीय लेखांकन : रोजकीर्द, खतावणी, तेरीज, घसारा, अंतिम लेखे. दोन्हीकडे तेच पाच घटक. एकाकडे ते पहिल्या सत्रात, दुसऱ्याकडे दुसऱ्या सत्रात. एकाकडे चार क्रेडिट, दुसऱ्याकडे तीन क्रेडिट लेखी आणि एक प्रात्यक्षिकाचं. व्यवस्थापनाची तत्त्वं : नियोजन, संघटन, निर्देशन, नियंत्रण, टेलर आणि फेयॉल या विचारवंतांचे सिद्धांत दोन्हीकडे, फक्त घटकांचा क्रम उलटा. व्यावसायिक अर्थशास्त्रात मागणी, पुरवठा, लवचीकता, बाजारांचे प्रकार. विषयाच्या नावात एकाकडे "मूलतत्त्वे" आहे, दुसऱ्याकडे "परिचय". एकच विषय खरोखर कमी निघाला. व्यवसाय गणित त्यांच्याकडे पहिल्या वर्षात आहे, आमच्याकडे ते तिसऱ्या सत्रात होतं. तो विषय मी दुसऱ्या वर्षाबरोबर जादा म्हणून देईन असं मी फेरअर्जात लिहून दिलं. त्या फेरअर्जाला उत्तर आलेलं नाही.

ज्या काउंटरवर मी ही तुलना केली तिथेच त्या हंगामात वडिलांच्या चार वर्षांच्या उधारीच्या वह्या मी खातेनिहाय लावल्या. कोणाकडे किती, किती जुनं, कोणतं वसूल होणारं, कोणतं बुडीत धरायचं. वडील आयुष्यभर हे डोक्यात ठेवून धंदा करत आले, आणि आता त्यांना ते सांगता येत नव्हतं. मी ते करू शकले कारण पहिल्या वर्षी मला ते शिकवलं गेलं होतं. शिकवलेलं कामाला येतं आहे, विद्यापीठाने त्याची परीक्षा घेऊन मला उत्तीर्ण केलं आहे, आणि दुसरं विद्यापीठ म्हणतं की हे शिक्षण आमच्या हिशेबात धरता येत नाही. हे मला समजावून सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

इथे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची आठवण करून देणं भाग आहे, कारण आमची ही पहिली तुकडी त्या धोरणाखाली आली. २०२० च्या धोरणाने सांगितलं की विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट त्याच्या खात्यावर साठतील आणि तो ती एका संस्थेतून दुसरीकडे नेऊ शकेल. त्यासाठी २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम काढले. साठलेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत वैध राहतात. पदवी देणाऱ्या संस्थेकडून निदान निम्मी क्रेडिट मिळवलेली असावीत अशी त्यात अट आहे. म्हणजे उरलेली बाहेरून आलेली असू शकतात हे गृहीतच धरलेलं आहे. पहिल्या वर्षी कॉलेजने आमच्याकडून अपार आयडी (ज्यावर क्रेडिट जमा होतात तो विद्यार्थ्याचा क्रमांक) सक्तीने काढून घेतले. माझ्या खात्यावर पहिल्या वर्षाची ४४ क्रेडिट आज दिसतात, आणि ती मी स्वतः भरलेली नाहीत, विद्यापीठानेच चढवली आहेत. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात. माझी ४४ त्यातली तिसरा हिस्सा आहेत. मग नवं विद्यापीठ ती बघायलाही तयार का नाही? पात्रता विभागात मी मोबाइलवर ही नोंद दाखवली, तेव्हा "हे आमच्याकडे चालत नाही, अभ्यास मंडळाचं पत्र आणा" असं सांगण्यात आलं. अभ्यास मंडळ म्हणजे विषयाचा अभ्यासक्रम ठरवणारी विद्यापीठाची समिती. तिची बैठक कधी आहे हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिसरी गोष्ट जास्त व्यापक आहे आणि तिचा दोष एकट्या विद्यापीठांचा नाही. राज्याने पहिल्या वर्षाच्या क्रेडिटचा साचा सगळ्यांना सारखाच दिला : मुख्य विषय, खुला वैकल्पिक, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली वगैरे. पण त्या साच्यात काय भरायचं हे प्रत्येकाने वेगळं ठरवलं. कुठे अंतर्गत ४० आणि लेखी ६०, कुठे ३० आणि ७०. कुठे संगणकाचा विषय मुख्यात, कुठे कौशल्यात. त्यात एआयसीटीईची भर पडली. मान्यता, सीईटी आणि नवीन अटी टाळण्यासाठी काही कॉलेजांनी तोच अभ्यासक्रम बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) अशा नावांनी चालवायला घेतला. मला त्या कॉलेजांना दोष द्यायचा नाही. २०२४ मध्ये प्रतिसाद इतका कमी होता की त्याच वर्षी आणखी एक सीईटी घ्यावी लागली होती, आणि जागा रिकाम्या ठेवून कोणाचंच चालणार नव्हतं. पण याचा परिणाम असा की शेजारशेजारच्या दोन कॉलेजांत तेच प्राध्यापक तेच पुस्तक शिकवतात आणि एका मुलाच्या मार्कशीटवर बीबीए येतं, दुसऱ्याच्या बीकॉम. त्यातल्या एकाला उद्या बदली हवी असेल तर त्याने काय करायचं, हे नावं बदलताना कोणीतरी लिहून ठेवायला हवं होतं.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही, पण टाळताही येत नाही. जुन्या कॉलेजात दाखला मागायला गेल्यावर "उरलेल्या दोन वर्षांची फी भरा, सीट रिकामी राहते" असं सांगण्यात आलं, आणि बारावीची मूळ गुणपत्रिका त्यांच्याकडेच होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे की मूळ कागदपत्रं संस्थेने ठेवून घ्यायची नाहीत, पडताळून लगेच परत द्यायची, आणि ज्या सत्राचं किंवा वर्षाचं शिक्षण चालू आहे तेवढ्याचीच फी घ्यायची. ते परिपत्रक मी छापून नेलं. शेवटी फी न भरता कागद मिळाले, पण त्यात जून गेला. ज्या मुलीला हे परिपत्रक माहीत नाही ती काय करते? मामाकडून पैसे उसने आणते आणि भरते. अशी एक मुलगी मला त्याच कार्यालयाच्या बाकावर भेटली.

शिष्यवृत्तीचंही तेच. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर माझा नूतनीकरणाचा अर्ज जुन्या कॉलेजच्या नावावर अडकून पडला. नवीन कॉलेज मला अजून विद्यार्थी मानत नाही आणि जुनं आता मानत नाही, तर तो पुढे पाठवायचा कोणी?

या काळात लोकांनी मला बरेच सल्ले दिले. एका खासगी विद्यापीठाने तर फोनवरच थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश देऊ केला, क्रेडिटची काही अडचण नाही म्हणाले. त्यांच्या एका वर्षाच्या फीत आमच्या दुकानाचा अख्खा खरिपाचा माल आला असता. तेव्हा मला एक गोष्ट लख्ख कळली की माझी क्रेडिट चालतात. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याची ती लगेच चालतात. मुक्त विद्यापीठातून कर, असंही काहींनी सांगितलं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्या असंख्य लोकांना पदवी दिली आहे आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर बीबीएचा वर्ग भरतो, त्यात बाक रिकामे आहेत, सरकारच त्या विद्यापीठाला अनुदान देतं. मला त्या वर्गात बसायचं आहे. "पुन्हा पहिल्या वर्षाला बस, काय बिघडतं" हा सल्ला तर सगळ्यात जास्त मिळाला. एक वर्षाची फी, एक वर्षाचं वय आणि एक वर्ष उशिरा मिळणारी कमाई एवढं बिघडतं. आमच्यासारख्या घरात मुलीचं एक वर्ष लांबलं की शिक्षण थांबवण्याची चर्चा सुरू होते, तेही बिघडतं.

बदली सोपी केली तर सगळी मुलं मोठ्या शहरांकडे धावतील, लहान विद्यापीठं ओस पडतील आणि दर्जाचं काय होईल, अशी भीती मी अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. दर्जा जपायलाच हवा. म्हणूनच तर विषयवार तपासणी मागते आहे. डोळे झाकून प्रवेश द्या असं मी म्हणत नाही. आणि जागा किती आहेत ही मर्यादा राहणारच आहे. राहिला धावण्याचा प्रश्न. मला भेटलेली बहुतेक मुलं शहराकडून घराकडे येणारी होती. कोणाला खोलीचं भाडं परवडेना, कोणाच्या घरी आजारपण, कोणाचं लग्न होऊन सासर दुसऱ्या जिल्ह्यात, कोणाच्या वडिलांची बँकेतली किंवा पोलिसातली बदली. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये आणि सोलापूरचं विद्यापीठ २००४ मध्ये वेगळं झालं ते मुलांना आपल्या भागात शिकता यावं म्हणूनच ना? मग दूर गेलेलं मूल परत येतं तेव्हा त्याला त्या जवळच्या विद्यापीठात घेता आलं पाहिजे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

एक. समकक्षतेचा निर्णय दाखला आणि स्थलांतर प्रमाणपत्र मागण्याआधी द्यावा. मार्कशीट, अभ्यासक्रमाची प्रत आणि अकॅडमिक बँकेतली नोंद एवढ्यावर अर्ज स्वीकारावा आणि पंधरा कामाच्या दिवसांत लेखी उत्तर द्यावं. ते उत्तर त्या शैक्षणिक वर्षासाठी विद्यापीठावर बंधनकारक असावं. नंतर पात्रता विभागाने ते फिरवू नये, आणि पालकांकडून हमीपत्रं लिहून घेणं बंद व्हावं.

दोन. निर्णय विषयवार असावा. कोणती क्रेडिट धरली, कोणती नाही आणि का, हे प्रत्येक विषयापुढे लिहावं. एक-दोन विषय कमी पडत असतील तर ते पुढच्या वर्षाबरोबर जादा म्हणून देण्याची मुभा असावी. त्यासाठी पूर्ण वर्ष परत करायला लावू नये.

तीन. सर्व विद्यापीठांच्या वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखांनी एकत्र बसून बीबीए, बीएमएस आणि बीकॉमच्या व्यवस्थापन शाखांच्या पहिल्या वर्षाचा समकक्षता तक्ता करावा आणि तो संकेतस्थळावर टाकावा. मी एका रात्रीत दोन विद्यापीठांपुरती जी तुलना केली ती अभ्यास मंडळांतल्या तज्ज्ञांना राज्यापुरती करणं अवघड नाही. कुलपतींच्या अध्यक्षतेखाली होणाऱ्या संयुक्त कुलगुरू मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा.

चार. राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. समकक्षता, पात्रता आणि स्थलांतर प्रमाणपत्र या तिन्ही सेवांना प्रत्येक विद्यापीठात या कायद्याखाली मुदत, जबाबदार अधिकारी आणि अपील अधिकारी असावेत, आणि त्यांची नावं पात्रता विभागाच्या खिडकीवर लावावीत. विद्यापीठाच्या लोकपालांनीही बदलीसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याची तक्रार ऐकावी. तो अजून आमचा नाही म्हणून परत पाठवू नये.

पाच. मूळ कागदपत्रं अडवणाऱ्या आणि पुढच्या वर्षांची फी मागणाऱ्या कॉलेजांवर काय कारवाई होईल आणि तक्रार कुठे करायची, हे विभागाने मराठीत परिपत्रक काढून प्रत्येक कॉलेजच्या दर्शनी भागात लावायला सांगावं. कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर नव्या कॉलेजकडे वळवण्याची सोय त्याबरोबरच करावी.

सहा. २०२५-२६ मध्ये समकक्षतेअभावी ज्यांचे अर्ज फेटाळले गेले त्या सर्वांचे अर्ज येत्या प्रवेशाआधी पुन्हा, विषयवार तपासावेत.

माझ्या फेरअर्जाची पोच, दोन्ही अभ्यासक्रमांची विषयवार तुलना आणि क्रेडिटची नोंद संबंधित विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे आणि विभागाकडे या पत्रासोबत स्वतंत्रपणे पाठवते आहे. २०२६-२७ चं प्रवेशाचं वेळापत्रक लागण्याआधी मला लेखी आणि सकारण उत्तर हवं आहे. ते नकाराचं असलं तरी चालेल, पण प्रत्येक विषयापुढे कारण लिहिलेलं असावं, म्हणजे मला त्यावर अपील करता येईल. माझ्यासारखे जे अडकले आहेत त्यांनीही आपापली तुलना करून विद्यापीठाला लेखी पाठवावी आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नये.

आपली,
बीबीएची एक विद्यार्थिनी